मरते आणि मर्ते

हुबळीच्या दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या बाईंच्या खोलीबाहेर एक लांब बाक आहे. त्यावर आम्ही आया बसतो. आत मुलं नाक चिमटीत धरून 'प' आणि 'ब' म्हणत असतात. मागच्या खेपेला माझ्या शेजारी हल्याळकडची एक नवी बाई बसली होती. तिच्या मुलाचा रिपोर्ट नुकताच आला होता आणि माझ्या समूला जे आहे तेच त्याला निघालं होतं. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलून तिनं विचारलं, "तुम्हाला कळलं तवा लई रडला असशीला न्हवं?"

मी म्हटलं, "न्हाई."

मी समूची सावत्र आई असावी, अशा नजरेनं ती माझ्याकडं बघत राहिली. मग खाली मान घालून म्हणाली, "मला बी रडू येत न्हाई वो. मला वाटलं, माझ्यातच कायतरी कमी हाय."

तेवढ्यात तिचा नंबर आला आणि आमचं बोलणं राहून गेलं. मला तिला जे सांगायचं होतं ते इथं लिहितेय. आजाराची माहिती डॉक्टर माझ्यापेक्षा चांगली देतील. मला फक्त न रडण्याबद्दल सांगता येतं, आणि त्यात मी चांगलीच मुरलेली आहे.

लहानपणी

मी मूळची चंदगड तालुक्यातली. बारावी झाले आणि मला जोयडा तालुक्यातल्या गुंदला दिलं. समूचे पप्पा गणेशगुडीला पर्यटकांना रबरी होडीतून काळी नदीत फिरवतात. धरणातून पाणी सोडलं की काम, नाही सोडलं की बसून राहायचं. रोज नव्या माणसांशी बोलून त्यांना कन्नड आणि हिंदी झकास येतं, थोडंफार इंग्रजीही. मला बाजारापुरतं कन्नड येतं. किती, नको, आणि महाग आहे, एवढ्यावर माझं भागतं. गुंदात घरोघरी कोकणीमिश्रित मराठी, त्यामुळं कधी अडलं नाही. घरातलं सगळं कन्नड आम्ही त्यांच्यावर सोपवलं होतं.

समू, म्हणजे समीक्षा, जन्मली तेव्हा तिच्या हृदयाला भोक होतं. ते तान्ही असतानाच ऑपरेशन करून बुजवलं. दूध पाजलं की नाकातून बाहेर यायचं. बोलायला उशिरा लागली आणि लागली तेव्हा नाकातून. सगळे म्हणाले, मोठी झाली की होईल सरळ. माझ्या सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. आत्तींनी दृष्ट काढली, देवाला कौल लावला. देवानंही होईल सरळ असंच सांगितलं.

शाळेत गेली तेव्हा दुसरंच सुरू झालं. शनिवारी चार अक्षरं शिकून यायची, मला पाटीवर काढून दाखवायची, आम्ही दोघी खूष. सोमवारी त्यातलं एकही जागेवर नसायचं. दुकानातून मीठ आणि काडेपेटी आण म्हटलं की मीठ घेऊन यायची आणि काडेपेटीचं विचारलं की माझ्याकडंच बघायची. चूक माझी असावी, मी ते सांगितलंच नसावं, असा तिचा चेहरा व्हायचा. शेजारची बायका-माणसं बोलायची, "डोकं न्हाई पोरीला." तोंडावर नाही, पण ऐकू येईल इतपत मोठ्यानं.

दारातून ऐकलेलं

समू सात वर्षांची असताना एका सकाळी भाकरी खाता खाता तिच्या हातांची बोटं वाकडी झाली, डोळे फिरले आणि ती आडवी पडली. आधी दांडेली, तिथून हुबळी. रक्तातलं कॅल्शियम फार उतरलं होतं. मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या घशात बॅटरी मारून बघितलं, बोटं बघितली, छातीवरची ऑपरेशनची खूण बघितली, आणि म्हणाल्या की या सगळ्याचं मूळ एकच असेल, एक वेगळी रक्ततपासणी करू. रक्त बाहेरगावी गेलं आणि आम्ही घरी आलो.

वॉर्डातल्या त्या दिवसांचं मला फारसं काही सांगता येत नाही. सकाळी फरशी पुसली की सगळ्या आया पाय वर घेऊन कॉटवर बसायच्या. चहावाला यायचा. समूला सलाईन लावलेला हात हलवायचा नाही हे दर थोड्या वेळानं नव्यानं सांगावं लागायचं. एक सिस्टर तिच्या दुसऱ्या हातावर पेनानं मांजर काढून द्यायची. त्या मांजरावर समू दिवस काढायची.

रिपोर्ट आला त्या दिवशी आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेलो. त्यांनी कन्नडमध्ये सुरुवात केली आणि समूचे पप्पा ऐकू लागले. त्यांनी माझ्याकडं वळून एवढंच सांगितलं, "रक्तातल्या कसल्यातरी धाग्याचा एक तुकडा कमी हाय म्हंत्यात. जन्मापास्नंच. कुणाची चूक न्हाई." इतक्यात समूला लघवी लागली. मी तिला घेऊन बाहेर गेले.

परत आले तेव्हा दार अर्धं उघडं होतं. डॉक्टरीणबाई सावकाश बोलत होत्या. त्यातलं मला एकच वाक्य कळलं, म्हणजे कळलं असं वाटलं. "एल्ला मरीताळ." समूचे पप्पा मान हलवत होते, "हौद्री, हौद्री," म्हणजे होय हो, होय. त्यांचे डोळे भरले होते.

गुंदात एखादी जाणार असेल तर कोकणीत म्हणतात, "मरतली." माझ्या कानांनी 'मरीताळ' घेतलं आणि तिथंच ठेवून दिलं. भ्यालेलं माणूस आपल्याच भाषेत ऐकतं. माझी पोरगी मरणार, असं डॉक्टर सांगतायत आणि तिचा बाप होय म्हणतोय, एवढंच मी ऐकलं. समूनं माझा पदर धरला होता आणि ती भिंतीवरच्या चित्रातल्या हत्तीकडं बघत होती.

ते बाहेर आले. म्हणाले, "ऐकलंस न्हवं?"

"व्हय."

"आता आपनच बघायचं. तिच्यासमोर त्यातलं कायबी बोलायचं न्हाई. पोरीच्या मनाला लागंल."

"न्हाई बोलत," मी म्हटलं. इतकं बोलून आम्ही बसस्टँडवर गेलो. तिथं समूला केळी घेतली. परतीच्या सबंध वाटेत आम्ही त्यावर एक अक्षर काढलं नाही, आणि नंतरही नाही. मरणाचं नाव पोरीसमोर कोण घेतं?

बधिर

दात काढायच्या आधी सुई देतात आणि गाल आपला राहत नाही, तसं माझं आतून झालं. मला वाईट वाटत नव्हतं. मला काहीच वाटत नव्हतं. मी भात लावायला गेले, पेज केली, गोठा झाडला. कॅल्शियमच्या गोळ्या वेळच्या वेळी दिल्या, कारण द्यायला सांगितल्या होत्या. दूध उतू जाताना दिसायचं आणि मी तिथंच उभी राहून बघायची.

समूला शाळेत पाठवणं मी हळूहळू बंद केलं. आज पाय दुखतोय, आज अंग गरम वाटतंय, असं काहीबाही सांगून. पाटी माळ्यावर टाकली. मरणाऱ्या पोरीला बाराखडीसाठी कशाला छळायचं? ती दिवसभर माझ्यामागं फिरायची. मी वाकून लावणी करताना बांधावर बसून माझ्याशी नाकातून गप्पा मारायची, आणि दमली की माझ्या पाठीवर गाल टेकायची. इतकी खुशीत मी तिला कधी बघितली नव्हती. मी तिचं एकेक बघून ठेवत होते. कानामागचा तीळ, हसताना वर जाणारी डावी भुवई, पेजेत मीठ कमी झालं तर ओठ कसा काढते ते. समूचे पप्पा आता चेष्टेनं म्हणतात, घरातल्या एकीच्या काही लक्षात राहत नव्हतं आणि दुसरी सगळं पाठ करत बसली होती.

आत्ती मात्र मजेत होत्या. त्यांना त्यांच्या लेकानं काय ते सांगितलं होतं. त्या परसातली मुडली उकडायच्या. मुडली म्हणजे आमच्याकडचा मोठा कंद. त्यातला मऊ गाभा समूला द्यायच्या आणि म्हणायच्या, "व्हईल हळूहळू. आपल्याला काय घाई हाय?" घाई काय आहे! मला वाटायचं, या बाईच्या छातीत काळीज आहे का दगड. जेवण वाढताना मी त्यांच्याकडं बघायचं टाळायची.

मग गणवेशावरून भांडण झालं. शाळेतून मिळालेलं कापड ट्रंकेवर तसंच पडलं होतं.

"हे टेलरकडं टाकलं न्हाईस अजून?" समूच्या पप्पांनी विचारलं.

"कशाला?"

"कशाला म्हंजे? शाळंला काय घालून जाईल?"

"किती दिस जायाचंय तिला?"

त्यांनी समोरचं ताट बाजूला सारलं. "लोकं म्हंत्यात ते ठीक हाय. तू आई हाईस. तू बी सोडून दिलीस व्हय तिला?"

"मी न्हाई सोडलं. तुम्हाला खरं बघायचं न्हाई."

"खरं मला चांगलं म्हाईत हाय," ते म्हणाले. ताट तसंच ठेवून गणेशगुडीला निघून गेले आणि कामावरच राहिले. मला त्यांची कीव आली, की बापाला पोरीचं मरण पचत नाही आणि तो गणवेशाच्या गोष्टी करतोय. त्यांना माझी कीव आली, की आईनं पोरीच्या शिक्षणाची आशाच सोडली. एकाच घरात राहून आम्ही दोन वेगळ्या पोरींचं दुःख करत होतो.

अक्कोर

शाळेतल्या बाईंना इथं अक्कोर म्हणतात. समूच्या अक्कोर धारवाडकडच्या, मराठी अडखळत बोलणाऱ्या. पोरगी शाळेत का येत नाही हे विचारायला त्या एक दिवस शाळा सुटल्यावर घरी आल्या. समूचे पप्पाही सकाळीच परत आले होते. भांडण मिटलं नव्हतं, पण कपडे धुवायचे होते.

अक्कोर पडवीत बसल्या. समूला जवळ घेऊन त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, काल काय जेवलीस गं? एवढं मला कळलं. मी आतून चहा घेऊन येत होते. समूनं बराच विचार केला. मग मान खाली घालून, नाकातून, स्पष्ट म्हणाली, "मर्ते."

मी चहा जमिनीवर ठेवला आणि धावत जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. "असं बोलू नगंस! कोण म्हटलं तुला, तू मरतीस म्हणून? कुणी सांगितलं?"

समू घाबरून रडायला लागली. अक्कोर आधी हसल्या आणि माझं तोंड बघून थांबल्या. "अहो, मरते नाही. मर्ते. मर्ते म्हणजे विसरले. आमच्या कन्नडमध्ये."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. समूचे पप्पा माझ्याकडं. त्यांना आधी उमगलं. त्यांनी विचारलं, "हुबळीला तू काय ऐकलंस?"

"मरीताळ," मी म्हटलं. "एल्ला मरीताळ."

ते होते तिथंच भिंतीला टेकून खाली बसले. "अगं, मरीताळ म्हंजे इसरती. शिकवलेलं सगळं इसरती, डोकं हळू चालनार, हे सांगत हुत्या त्या. मरत न्हाई गं ती. कोन म्हटलं मरती म्हणून? इतके दिस तू हे घिऊन..." अक्कोरांच्या देखत ते ढसाढसा रडायला लागले. त्यांचं रडं ऐकून समूनं आपलं थांबवलं.

आत्ती आतून हात पुसत आल्या. "काय झालं गं? कोन मेलं?"

"कोन न्हाई, आत्ती," मी म्हटलं. "कोन बी न्हाई मेलं."

मी आनंद व्हायची वाट बघत उभी राहिले. तो आला नाही. चहा गार झाला होता, तो आत नेऊन परत गरम केला. बाहेर देऊन आले. जाताना अक्कोर म्हणाल्या, "वर्गात काहीही विचारलं की ती हेच म्हणते. हा एक शब्द मात्र ती कधीच विसरत नाही." घरी समू मराठी बोलायची आणि कन्नड शाळेतच ठेवून यायची, म्हणून तो शब्द मी कधी ऐकला नव्हता.

आता

पुढच्या खेपेला मी डॉक्टरीणबाईंसमोर स्वतः खुर्चीवर बसले आणि मराठीत विचारलं, "माझी पोरगी जगंल ना?" त्या चकित झाल्या. त्यांना मराठी बऱ्यापैकी येत होती, मी कधी विचारलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, कॅल्शियमकडं लक्ष ठेवायचं, हृदय वेळोवेळी दाखवायचं, आणि आता तरी जिवाला भीती वाटावी असं काही दिसत नाही. शिकणं अवघड जाईल. आकडे जास्त अवघड जातील. पण प्रत्येक मूल वेगळं असतं, आत्ताच शेवट ठरवू नका.

म्हणून हल्याळकडच्या बाईला पहिलं हे सांगायचं आहे, की न कळलेला प्रत्येक शब्द परत विचारा. लाज वाटली तरी विचारा. नवऱ्याला सगळं कळलंय म्हणून आपण गप्प बसायचं नाही.

दुसरं, एका वेळी एकच काम सांगा. मीठ आण. ते आणलं की मग काडेपेटी आण. समू आता नऊ वर्षांची आहे. स्वतःचं नाव कन्नडमध्ये लिहिते. वीसपर्यंतचे आकडे कधी येतात, कधी वाटेत सांडतात. आदल्या दिवशी आलेलं दुसऱ्या दिवशी गेलं की मला अजून राग येतो आणि मी गोठ्यात जाऊन शेण काढते. राग उतरला की परत तेच पहिल्यापासून. अक्कोर तिला पहिल्या बाकावर बसवतात आणि तिच्याकडून 'मर्ते' आलं की म्हणतात, बरं, चल, परत बघू. समूच्या पप्पांनी बसमधल्या कंडक्टरला सांगून ठेवलं आहे की हिला गुंदला उतरव. आत्तींना अजून घाई नाही. त्यांच्यावरचा माझा राग गेला, पण हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

सगळं बरं झालं, असं मी लिहिणार नाही. आधी भीती होती की ती जाईल आणि मी मागं राहीन. आता मी म्हातारी होऊन जाईन, आणि ती राहील, तेव्हा तिला कोण सांगणार, मीठ आण, आता काडेपेटी आण? या भीतीला औषध मिळालेलं नाही. ती घरातच असते. तिच्यासकट स्वयंपाक करायची सवय झाली आहे.

वाढीला

आणि रडण्याचं. ते मी मुद्दाम शेवटाला ठेवलं आहे.

अक्कोर येऊन गेल्या त्याच आठवड्यात मी ट्रंकेवरचं कापड घेतलं आणि समूला घेऊन जोयड्याच्या बाजारात टेलरकडं गेले. तोपर्यंत माझ्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. रिपोर्टच्या दिवशी नाही, अक्कोर आल्या त्या दिवशीही नाही. माझं आत तसंच बधिर होतं. पोरगी जगणार हे मला माहीत झालं होतं, पण माहीत असण्यापलीकडं काही होत नव्हतं.

टेलरनं गळ्यातली टेप काढली. समू हात पसरून उभी राहिली. तिला मापं द्यायला आवडतं, गुदगुल्या होतात.

"कितवीत गं तू?" त्यानं विचारलं.

समूनं माझ्याकडं बघितलं, टेलरकडं बघितलं. "मर्ते."

"मर्ते?" तो हसला. "बरं, बरं."

"दुसरीत," मी सांगितलं.

त्यानं खांदा मोजला, कंबर मोजली, गुडघ्यापर्यंत टेप सोडली. मग कापड फळीवर अंथरलं आणि खडू हातात घेऊन, माझ्याकडं न बघताच विचारलं, "वाढीला किती सोडू, ताई?"

आमच्याकडं पोरांचं कुठलंही कापड शिवताना हे विचारतातच. स्कर्टच्या खाली कापड आत दुमडून ठेवायचं. पुढच्या वर्षी पोरगी उंच झाली की शिवण उसवायची, घडी खाली सोडायची, म्हणजे तोच गणवेश पुरतो. समूच्या दोन वर्षांच्या फ्रॉकपासून मी हा प्रश्न ऐकत आले होते आणि दरवेळी दोन बोटं म्हणून मोकळी झाले होते.

मी फळीवरच्या कापडाची कड हातात धरली. टेलरला वाटलं, मला ऐकू आलं नाही. "दोन बोटं सोडू? का चार?"

मी दुकानाच्या पायरीवर बसले आणि रडायला लागले. तोंडाला पदर लावून नाही, मोठ्यानं. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. टेलर खडू धरून उभाच राहिला, "कापड कमी न्हाई वो ताई, भरपूर हाय." समू माझ्याजवळ येऊन बसली. आई का रडतेय हे तिनं विचारलं नाही. तिनं माझ्या पाठीवर गाल टेकला.

बऱ्याच वेळानं मी नाक पुसलं.

"सोडा," मी टेलरला म्हटलं. "जेवढं सुटंल तेवढं सोडा."